या श्रावणात बिडी-सिगारेटही सोडा

श्रावण दाराशी आला. गटारीचे बेत शिजू लागले असतील. मटण किती किलो, कुणाच्या गच्चीवर बसायचं, कोण काय आणणार. त्या रात्रीनंतर मात्र तुमच्या घरात महिनाभर अंडंसुद्धा फुटणार नाही. ग्लास पालथे पडतील. काही जण दाढीही करणार नाहीत. यासाठी कुणी पोलीस नेमलेला नसतो, कुणी दंड करत नाही. तरी तुम्ही पाळता. वर्षानुवर्षं पाळत आला आहात.

मग एवढं ऐका. या वर्षी त्या यादीत बिडी आणि सिगारेट घाला. यादी फार लांबते आहे असं वाटत असेल तर मटण राहू द्या, पण सिगारेट घाला. शास्त्राचं काय ते आम्ही बघून घेऊ.

कारण महिनाभर कांदा-लसूण न खाणारा माणूस सोमवारच्या उपासाला सकाळपासून चार सिगारेटी ओढतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. धुराला कुठे उपास असतो? तुमच्या शेजारचे रोजा ठेवणारे भाईजान मात्र रमजानात पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत एक झुरका घेत नाहीत. रोज पाकीट संपवणारी माणसं महिनाभर हे करतात. म्हणजे जमतं. माणसाला जमतं. तुम्हालाही जमेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आपल्या देशात तंबाखूपायी दर वर्षी तेरा लाखांहून अधिक माणसं जातात. एवढा मोठा आकडा अंगावर येत नाही, म्हणून घरापुरतं बघा. भारतातच झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटतं, बिडी ओढणाऱ्याचं सहा वर्षांनी, आणि बिडी ओढणाऱ्या बाईचं आठ वर्षांनी. दहा वर्षं म्हणजे काय, ते आज रात्री जेवणं झाल्यावर बोटांवर मोजा. घराच्या कर्जाचे हप्ते कुठल्या साली संपतात? धाकटीचं कॉलेज कधी पुरं होतं? आईला तेव्हा कोण सांभाळेल? या हिशेबातून दहा वर्षं वजा करा आणि मग पाकिटाकडे बघा.

आणि मरण फार पुढचं. त्याच्या आधी दम जातो. सोसायटीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून, हातातला फोन बघण्याचं सोंग करत श्वास गोळा करणारे बाबा तुम्ही पाहिले आहेत. एक हात कठड्यावर, कपाळावर घाम, आणि वरून नातू हाक मारतोय. चाळिशी-पन्नाशीची ही माणसं. त्यांना म्हातारं म्हणायची वेळ अजून आलेली नाही. बिडी ओढणाऱ्या तरुण शेतकऱ्या-मजुरांत तर पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटं काळी पडण्याचा आजार होतो. बिडी थांबली नाही तर बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. बिडी देशी आहे, पानाची आहे, हलकी आहे, या समजुतीवर राहू नका. ती सारखी विझते म्हणून जोराने आणि वरचेवर ओढावी लागते, आणि धूर तेवढाच खोल जातो.

हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते छापलेलं असतं. मग अडतं कुठे? टपरीवर उभं राहून विचारलंत तर एक उत्तर हमखास येतं. 'सोडली होती हो. तीन महिने शिवलो नव्हतो. पण अशी ढेरी सुटली की बायकोच म्हणाली, होतं ते बरं होतं.' वाक्य हसत म्हटलं जातं, ऐकणारा हसतो, आणि दोघंही पेटवतात.

या एका वाक्यासाठी आम्ही हे आवाहन लिहायला बसलो.

वाक्य अर्धं खरं आहे. खोटं सांगून तुम्हाला सोडायला लावायचं नाही, म्हणून आकडे समोर ठेवतो. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बासष्ट अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. कुठल्याही औषधाशिवाय सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी साडेचार-पावणेपाच किलोंनी वाढलं. त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. पण त्याच हिशेबातली दुसरी ओळ टपरीवर कुणी सांगत नाही. साधारण सहातल्या एकाचं वजन उलट उतरलं. दहा किलोंच्या वर गेलेले शंभरात तेराच होते. तेव्हा ढेरी सुटणं हे काही सटवाईने कपाळी लिहिलेलं नाही.

वजन वाढतं कशाने, तेही समजून घ्या. निकोटीन भूक मारतं आणि बसल्या जागी शरीर जी शक्ती खर्च करतं, ती थोडी वाढवून ठेवतं. सिगारेट सुटली की हा खर्च मूळ पदावर येतो आणि मेलेली भूक जागी होते. जीभही जागी होते. दोन-तीन दिवसांतच आमटीच्या फोडणीचा वास थेट बाहेरच्या खोलीपर्यंत येऊ लागतो, आणि माणूस दोन घास जास्त जेवतो. जेवू द्या त्याला. कित्येक वर्षांनी त्याला घरचं अन्न लागतंय. अडचण दोन जेवणांच्या मधली आहे. दिवसातून पंधरा वेळा तोंडाकडे जायची सवय लागलेला हात रिकामा होतो, आणि तो फरसाणाच्या डब्यात शिरतो.

तरीही समजा, वजन वाढलंच. मग? २०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष आला. सोडल्यावर ज्यांचं वजन वाढलं, त्यांना काही वर्षं मधुमेहाचा धोका वाढला, हे खरं. पण हृदयविकाराने किंवा एकूणच मरण्याचा धोका, वजन वाढूनसुद्धा, ओढत राहिलेल्यांपेक्षा कमीच राहिला. चार किलो उतरवता येतात. फुप्फुसाचा गेलेला भाग परत येत नाही.

आणि सिगारेटीने टिकवलेला बारीकपणा असतो तरी कसला? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तुमच्या कानावर असेल. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघंही सडसडीत. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचा नेमका २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या लोकांचं हे असं आहे. वरून काटकुळे आणि आत पोटाशी चरबी. त्यात धूर भर घालतो. सिगारेट ओढणाऱ्याचं वजन काट्यावर कमी भरलं तरी त्याची चरबी कमरेभोवती, आतड्यांच्या आसपास साठण्याकडे कल असतो. मधुमेह होण्याचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा तीस ते चाळीस टक्के जास्त. तेव्हा काटा बाजूला ठेवा आणि शिंप्याकडची टेप आणा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत असावी. पँटचा नंबर धरू नका. पँट आपण पोटाच्या खाली घालतो आणि स्वतःला फसवतो.

तेव्हा दोन्ही करा. सिगारेट सोडा आणि चालायला लागा. एकाच महिन्यात, एकाच दिवसापासून. पण तिसरी गोष्ट करू नका. त्याच महिन्यात कडक डाएट धरू नका. रिकामं पोट आणि निकोटीनची तलफ एकत्र आली की तलफ जिंकते. आधी धूर जाऊ द्या. पहिल्या महिन्यात वजन फार वाढू न देणं एवढंच बघा. दोन किलो वाढले तर वाढू द्या. उतरवायचं काम गणपतीनंतर.

आता कामाला लागा. गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठाल तेव्हा घरात एकही सिगारेट नको. पाकीट संपवून टाकतो म्हणू नका, नळाखाली धरा. स्कूटरच्या डिकीत बघा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बघा. पावसाळ्यात कपाटात गेलेल्या शर्टांचे खिसे बघा, तिथे एखादी सापडतेच. लायटर देऊन टाका, रक्षापात्र भंगारात घाला. देवाची काडेपेटी बायकोच्या ताब्यात राहू द्या.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट. चिडचिड होईल, झोप उडेल, कामात लक्ष लागणार नाही, पोट साफ होणार नाही. मुलांवर ओरडाल. आधीच सांगून ठेवा घरात की हे चार दिवस मला सांभाळून घ्या. मग ते ओसरत जातं आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचं निवळतं. श्रावण किती दिवसांचा? एकोणतीस-तीस. अगदी तेवढाच काळ तुम्हाला पार करायचा आहे, आणि तेवढाच तुम्ही दर वर्षी मटणाविना पार करता.

एकेक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. ती आली की बसून राहू नका. उठा. चपला घाला. झपाझप चाला, बोलताना किंचित धाप लागेल इतपत. दहा मिनिटांच्या अशा चालण्याने त्या वेळची तलफ उतरते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. नुसत्या व्यायामाने सिगारेट कायमची सुटते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसा ठाम पुरावा नाही. पण समोरची पाच मिनिटं टळतात. आणि सिगारेट सुटते ती अशीच, पाच-पाच मिनिटांनी. तुमच्या सिगारेटच्या वेळा ठरलेल्या आहेत. सकाळच्या चहानंतरची, जेवणानंतरची, चार वाजताची. नेमक्या त्याच वेळांना दहा-दहा मिनिटं चाला. अर्धा तास आपोआप झाला. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास म्हणजे दीडशे मिनिटं, आणि प्रौढ माणसाने आठवड्याला निदान एवढं हालावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पाऊस असेल तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चाला, देवळाच्या सभामंडपात चाला, ओसरीवर चाला. आठवड्यातून दोनदा बैठका घाला, जमल्या तर सूर्यनमस्कारही. छातीत दुखलं, डाव्या हातात कळ गेली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. चाळिशी उलटलेली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, तर सुरुवात करण्याआधीच दाखवून या.

चालणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. गावच्या कुठल्याही मैदानाच्या फाटकाबाहेर पहाटे साडेसहाला उभे राहा. आत मंडळी फेऱ्या मारताहेत, कानटोपी, पांढरे बूट, हातवारे. पाच फेऱ्या झाल्या की सगळा घोळका टपरीवर. कटिंग येतो. घाण्यातून निघालेल्या गरम वड्याचा पहिला घास. आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर टपरीच्या खांबाला टांगलेल्या लायटरकडे एकेक मान वाकते. व्यायाम झाला, आता एक तर चालते! अहो, तुम्ही आत्ताच तर रक्तात प्राणवायू भरून घेतलात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. फेऱ्यांनी मिळवलेलं फाटकाबाहेर देऊन घरी जाता. फेऱ्या चालू ठेवा. टपरी सोडा. निदान श्रावणभर दुसऱ्या रस्त्याने घरी जा.

आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, तुम्हालाही. सोळाशे मीटरला दहा सेकंद कमी पडले म्हणून रडताना तुम्हाला पाहिलं आहे. अकादमीची फी बापाने सोयाबीन विकून भरली आहे. रात्री रूमवर चौघांत फिरणारी ती सिगारेट बंद करा. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. ते दहा सेकंद कदाचित तिथेच अडकले असतील.

दिवसाला एकच ओढतो, असं म्हणणारे तुमच्यात बरेच असतील. रोज एक सिगारेट म्हणजे वीस सिगारेटींच्या धोक्याचा विसावा हिस्सा, असा हिशेब करू नका. हृदयविकाराच्या बाबतीत रोजची एक सिगारेट वीस सिगारेटींच्या जवळजवळ निम्मा जादा धोका देते, असं २०१८ साली दिसून आलं. एकीने समाधान मानू नका. तीही सोडा.

खाण्याकडे वळू, कारण श्रावण हा उपासाचा महिना आणि आपली म्हण आहे 'एकादशी, दुप्पट खाशी'. साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर शेंगदाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, तळलेल्या पापड्या, वर राजगिऱ्याचा लाडू. श्रावणात सिगारेट सोडून जो असे चार सोमवार करील, त्याचं वजन वाढलं तर दोष सिगारेट सोडण्याचा नाही. उपास करायचाच तर भगर आणि दाण्याची पातळ आमटी खा, ताक प्या, फळं खा. नाही केलात तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर असं पोटभर जेवा. भुकेले राहू नका. तोंडाला चाळा हवा असेल तर काकडीच्या फोडी, गाजर, भाजलेली बडीशेप, लवंग, ज्येष्ठमधाची काडी खिशात ठेवा. सुपारी नको. सुपारी स्वतःच कर्करोग करते.

चहा कमी करा. याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. धुरातल्या काही द्रव्यांमुळे ओढणाऱ्याचं यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर निकालात काढतं. सिगारेट सुटली की हा वेग पडतो, आणि नेहमीचेच पाच कप रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफिन ठेवतात. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्रभर डोळा लागत नाही. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्यानेच हे होतंय, आणि तो पुन्हा पेटवतो. दोष चहाचा असतो. कप निम्मे करा. दोन चमचे साखरेचे पाच कप प्यायचात, ते तीन झाले तर चार चमचे साखरही वाचली. याच कारणाने काही गोळ्यांची मात्राही बदलावी लागते. दम्यासाठी थिओफायलिन घेत असाल किंवा मानसिक आजारावरची औषधं चालू असतील, तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना आधी सांगा. मधुमेह असेल तर पहिले काही आठवडे साखर वरचेवर तपासा.

आणखी एका खड्ड्यात पडू नका. सिगारेट सोडली आणि गायछापची पुडी धरली, असं करू नका. महाराष्ट्रात २०१६-१७च्या सरकारी पाहणीत दर शंभर प्रौढांत सव्वीस-सत्तावीस जण तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हते, खाणारे होते. मळून खाल्ला, मावा खाल्ला, मिश्री म्हणून दाताला लावला, तरी तो तंबाखूच. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या मावश्या-काकूंनो, हा श्रावण तुमचाही आहे. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळता, तेवढं अंग हलवलं की पोटही साफ होतं.

काही जणी शहरात रात्रपाळ्या करतात, सिगारेट ओढतात, आणि सोडत नाहीत त्या जाड होण्याच्या भीतीने. ताई, तुम्हाला कुणी आधीच पुरेसं बोललं असेल, आम्ही बोलणार नाही. एवढंच सांगतो. आरशातल्या दोन-तीन किलोंवर उपाय आहे. वजन वाढू नये म्हणून धूर आत घेणं हा सौदा तुमच्या तोट्याचा आहे. तुम्ही हिशेबाची माणसं. करून बघा हिशेब.

आता त्यांच्याबद्दल, ज्यांनी कधी ओढली नाही आणि तरी ओढतात. खिडकीत उभं राहून ओढली तरी धूर घरातच फिरतो. त्यात लहान मुलाचा दमा बळावतो, कान फुटतात, छाती भरते. पोटुशी सून घरात असेल तर तिच्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. 'जा रे, एक पाकीट आण' म्हणून मुठीत नोट देऊन पोराला टपरीवर धाडता. अठरा वर्षांखालच्याला विकणं आणि त्याच्या हाती देणं कायद्याने गुन्हा आहे, ते असो. पण त्या पोराला ब्रँड पाठ झाला आहे, किंमत पाठ झाली आहे, आणि टपरीवाला त्याला नावाने ओळखतो. तुम्हाला हे चालणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही कधी त्या बाजूने पाहिलं नव्हतं, इतकंच. आज पाहा.

एकट्याने झुंजू नका. सकाळी उठल्याबरोबर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर तुमचं व्यसन शरीरात मुरलेलं आहे आणि त्याला औषध आहे. निकोटीनचं गम केमिस्टकडे मिळतं. चुईंगमसारखं सतत चावू नका. चावा, तोंडात चुणचुणलं की गालात दाबून ठेवा, मग पुन्हा चावा. गम चालू असेपर्यंत वजनाची वाढही लांबणीवर पडते. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या आहेत. गरोदर असाल, हृदयविकार असेल, तर गमसुद्धा विचारल्याशिवाय नको. ई-सिगारेटच्या नादी लागू नका, ती २०१९पासून आपल्या देशात बंद आहे.

घरच्या मंडळींनो, तुम्ही टोमणे मारू नका. 'बघू किती दिवस टिकतंय' हे वाक्य गिळा. संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायला निघा. फरसाणाचा डबा महिनाभर वरच्या फळीवर जाऊ द्या. आणि पोट थोडं पुढे आलं तर हसू नका. त्या एका हसण्याने कित्येकांची सिगारेट परत आलेली आहे. मित्रहो, तुम्हीही 'घे रे एक, काय होतंय' म्हणू नका. तुमच्या मित्राला मुलं आहेत.

मधेच एखादा झुरका गेला तर? गेला. श्रावण मोडला म्हणून महिनाभर मटण खात सुटता का? दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळता. इथेही तेच करा. बहुतेकांना एका प्रयत्नात सुटत नाही, अनेकदा सोडावी लागते, आणि शेवटी सुटते.

खरी परीक्षा मात्र पोळ्याला आहे. बैलांची मिरवणूक होईल, पुरणपोळी होईल, श्रावण उतरेल. घरोघरी रश्श्याला आधण ठेवायचा बेत होईल, आणि जुना मित्र पाकीट पुढे करील, संपला की श्रावण. मटण खा. पाकीट परत करा. पुढे गणपतीच्या मांडवामागे अंधारात पुन्हा कुणी पुढे करील. पुन्हा परत करा. श्रावण मटणाचा संपतो, सिगारेटचा संपवायचा नाही. वर्ष गेलं की हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षं चाललेल्या पाहणीत दिसलं, की तिशीत सोडणाऱ्याला गमावलेली जवळजवळ सगळी दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. साठीतल्या आजोबा, तीन वर्षं म्हणजे नातीची दहावी.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत, आणि पलीकडे रोज हेच काम करणारा प्रशिक्षित समुपदेशक असतो. बोलायचा संकोच वाटत असेल तर ०११-२२९०१७०१वर मिस्ड कॉल द्या, मोबाइलवर संदेश येऊ लागतील. गटारी होऊन जायची वाट बघू नका. फोन आज लावा.